नऊ व्होल्टचा मामा

भाचा बेस गिटार वाजवतो हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. बेस म्हणजे काय, हे कुणालाच माहीत नाही. ताईचं दुःख तर निराळंच. "साध्या गिटारीला सहा तारा असतात. यानं चार तारांची आणली, अन् तीच महाग. दुकानदारानं फसवलं बाप्पा पोराला."

शनिवारी धरमपेठेतल्या एका क्लबात तीन बँड होते, तिसरा भाच्याचा. ताईनं मला हेर म्हणून धाडलं. "तू फिजिक्सचा मास्तर आहेस, तुला मशिनीतलं कळते. पाहून ये, हे पोट्टं काय करून राहिलं ते." मशिनीतलं कळणं आणि रॉक कळणं यांचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. आमच्या ताईला कुणी उलट प्रश्न विचारत नाही.

वेळ साडेसातची होती. मी सव्वासातला हजर. वसंतराव देशपांडे सभागृहात जागा धरायला लवकर जाऊन जाऊन जडलेली ही खोड. जिन्यावरच्या मुलानं माझ्या मनगटावर जांभळ्या शाईनं कवटीचा शिक्का उठवला आणि अदबीनं विचारलं, "काका, कोणाला घ्यायला आले का?"

आत खुर्च्या नव्हत्या. भरल्या होत्या असं नाही, मांडल्याच नव्हत्या. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, असं कळलं. अंड्यांच्या ट्रेनं आवाज अडत नाही, फक्त आतली घुमघूम थोडी कमी होते, हे मी त्या मुलाला समजावून सांगायला लागलो. त्यानं फार लक्ष देऊन ऐकलं आणि निघून गेला.

साडेसातचे नऊ झाले. तेवढ्या वेळात ड्रमर एकच ड्रम बडवत होता. उन्हाळ्याआधी माठ घेताना आमची आजी एकेक माठ टिचकी मारून पाहायची, तसा. फरक एवढाच की आजी शेवटी माठ घ्यायची.

नागपूरच्या माणसाला आवाजाचं भय नसतं. वरातीपुढे वाजणारी धुमाल पार्टी दारावरून गेली की आमच्या शोकेसमधल्या कपबशा फेर धरतात, आम्ही गॅलरीत येऊन पाहतो. पण धुमाल पार्टीचा एक गुण आहे. ती पुढे सरकते. पहिला बँड सरकायला तयार नव्हता. गायक इंग्रजीत पोटातून ओरडत होता, आणि माझ्या कानाला ते दरवेळी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पुतळ्यांच्या मिरवणुकीत ओरडतात तसं, "घेऊन जा गे मारबत" असंच ऐकू येत होतं. काय घेऊन जायचं आहे ते एकदा कळलं असतं तर मी स्वतः नेऊन टाकलं असतं.

मोबाइलवरचं ॲप 100 डेसिबल दाखवत होतं. मी दरवर्षी बारावीला शिकवतो: 85 डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 100 ला आले की 15 मिनिटं. तीन तास थांबायचं म्हणजे बारा दिवसांचा कोटा एका रात्रीत. हा हिशेब मी शेजारच्या गृहस्थाच्या कानात ओरडून सांगितला. माझ्याच वयाचा, पण पांढऱ्या केसांची शेपटी बांधलेला. तो खूश होऊन उलट ओरडला की 1986 साली मुंबईत इंडिपेंडन्स रॉक सुरू झालं, रंगभवनात, उघड्यावर! पुढे दवाखान्याच्या शेजारचं म्हणून रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं. दवाखान्यापासून 100 मीटर! हे सगळं सांगायला त्याला तीन गाणी लागली, कारण प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागत होतं.

दुसरा बँड हिंदी आणि दुःखी होता. बरा होता. मधेमधे थांबत होता.

साडेदहाला भाचा गर्दीतून घुसत आला. तोंड पांढरंफटक. "मामा, बेस मेला."

त्याच्या गिटारीच्या पोटात 9 व्होल्टचा चौकोनी सेल असतो. वायरची पिन खोचून ठेवली की वाजवा न वाजवा, सेल खर्चत राहतो. यानं दुपारी चार वाजता पिन खोचली आणि सावजी खायला निघून गेला. आता एवढ्या रात्री सेल कुठून आणणार? तो मेलेला सेल त्यानं जिभेला लावून पाहिला. "थोडं झिणझिण होऊन राहिलं."

"जीभ काढ," मी म्हटलं. त्या रात्री मला कळलेलं हे पहिलं वाक्य होतं, आणि ते माझंच होतं.

माझ्या स्कूटरच्या डिकीत कॉलेजचा मल्टीमीटर पडला होता, दुरुस्तीला न्यायचा. जिन्यातल्या पिवळ्या दिव्याखाली आधी त्याच मीटरनं भाच्याचा सेल मोजला. 6 च्याही खाली. मग ड्रमरच्या पेचकसानं मीटरची पाठ उघडली. आतला सेल त्या दोन बटणांमधून सोडवताना चार केसाळ पोट्टे माझ्यावर मोबाइलचे टॉर्च धरून उभे होते. एवढं लक्ष तीस वर्षांत एकाही बॅचनं दिलेलं नाही.

आणि मग भाच्यानं खालची जाड तार छेडली. तिची कंपनं सेकंदाला 41, म्हणजे एक लाट सव्वाआठ मीटर लांब. तो हॉल सहा मीटर रुंद. न मावलेली लाट कुठे जाते हे मी मुलांना फळ्यावर शिकवतो. ती बरगड्यांत जाते. गाणं मे महिन्यातल्या रात्रीचं होतं. कूलर, 46 डिग्री, गच्चीवरच्या गाद्या. शब्द निम्मे कळले नाहीत. पण गायक "लाइन गेली" म्हणायचा आणि अख्खा हॉल ओरडायचा, "बे!" पहिल्या दोनदा मी नुसता उभा होतो. तिसऱ्यांदा शेपटीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. त्यानंतरचं ताईला सांगितलेलं नाही.

ताईला एवढंच सांगितलं की दुकानदारानं फसवलेलं नाही.

सोमवारी प्रॅक्टिकलला ओहमचा नियम होता. कानात अजून शिट्टी वाजत होती आणि मनगटावरची कवटी बाहीखाली ढकलून मी फळ्यावर आकृती काढत होतो. मागच्या टेबलावरून एका मुलानं मीटर वर धरला. "सर, हा काही दाखवून नाही राहिला."

"काय?"

"सर, याची लाइन गेली!"

"बे!" मी म्हटलं. चांगलं मोठ्यानं.