‘भलं झालं’ हे शब्द मागे घेतो, आकडे नाही

ताई, (नाव न लिहिता नुसतं ‘निवृत्त शिक्षिका, राजापूर’ अशी सही केलीत, म्हणून ताई.)

उत्तराला आठवडा लागला. तुमच्या तीन मुद्द्यांपैकी एकाने माझी बोलतीच बंद केली, हे त्याचं कारण.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी: मागच्या लेखात मी लिहिलं होतं की, आग्नेय आफ्रिकेतल्या मलावी या देशातून दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत गेलेल्या मजुरांच्या पैशामुळे गावाकडच्या मुलांचं शिक्षण वाढलं, आणि ‘एकंदरीत स्थलांतराने मलावीच्या खेड्यांचं भलंच झालं’. त्यावर ताईंनी लिहिलं, “परदेशी प्राध्यापकांच्या कोष्टकांत बापाचा खोकला कुठल्या रकान्यात भरतात? माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांचे बाप मुंबईला होते. मनीऑर्डरी आल्या, देवळांवर स्लॅब पडले, घरात म्हातारी माणसं उरली.” आणि जाता जाता, “तसेही हे आफ्रिकन लोक सगळे युरोपातच जाणार, त्याचं कौतुक कशाला?”

हा शेवटचा टोला आधी निकालात काढतो. २०२० साली सुमारे २ कोटी १० लाख आफ्रिकी माणसं आफ्रिकेतल्याच दुसऱ्या देशात राहत होती, आणि युरोपात सुमारे १ कोटी १० लाख. आपल्याला टीव्हीवर भूमध्य समुद्रातल्या होड्या दिसतात. एका देशातून शेजारच्या देशात जाणारी बस कोणी दाखवत नाही. पुढे जाऊ.

कोष्टकांबद्दल मात्र भांडणार आहे. मागच्या लेखाचा आधार होता तो टेरिन डिंकेलमन आणि मार्टीन मारिओटी या दोघी अर्थतज्ज्ञांचा २०१६चा अभ्यास; तो मला का आवडतो, ते मागच्या वेळी नीट सांगितलं नव्हतं. स्थलांतराचा परिणाम मोजताना नेहमीची अडचण अशी की, जाणारी माणसं आणि मागे राहणारी माणसं मुळातच सारखी नसतात. ज्या गावातून लोक बाहेर पडतात तिथे कदाचित रस्ता आधी पोचलेला असतो, मिशनची शाळा आधीच असते. मग मुलं शिकली ती पैशाने की शाळा जवळ होती म्हणून?

मलावीत इतिहासानेच ही गाठ थोडी सोडवून ठेवली होती. खाणमालकांच्या भरती संस्थेला तिथे लोक ‘वेनेला’ म्हणत. ब्लँटायर शहरातलं मोठं बसस्थानक आजही त्याच नावाने ओळखलं जातं. या वेनेलाची भरती केंद्रं काही जिल्ह्यांत कित्येक वर्षं आधी उभी राहिली होती, काही जिल्ह्यांत नव्हतीच. १९६७मध्ये मजुरांच्या संख्येवरची मर्यादा उठली आणि जाणारे काही वर्षांत तिपटीवर गेले. मग एप्रिल १९७४मध्ये घरी परतणाऱ्या मजुरांचं विमान बोट्स्वानातल्या फ्रान्सिसटाउनजवळ कोसळलं. सत्तरहून अधिक माणसं गेली. राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांनी भरती थांबवली, बाहेर असलेल्यांना परत बोलावलं. (हे बांडा स्वतः तरुणपणी दक्षिण आफ्रिकेत जाऊन खाणीवर नोकरी करून आलेले!) म्हणजे पैशाचा नळ एकदम मोठा झाला आणि एकदम बंद झाला, आणि दोन्ही वेळा त्याचा गावातल्या शाळांशी काही संबंध नव्हता.

त्या वर्षांत शाळेच्या वयाची असलेली भरती केंद्रांच्या जिल्ह्यांतली मुलं आणि इतर जिल्ह्यांतली मुलं यांची तुलना केली, तेव्हा पहिल्यांचं शिक्षण ४.८ ते ६.९ टक्क्यांनी जास्त निघालं. मुळात तिथे शाळेत काढलेली वर्षंच थोडी, त्यामुळे ही वाढ डोळे दिपवणारी नाही. पण १९९४पर्यंत मलावीत प्राथमिक शाळेलाही फी होती. मका-शेंगदाणा पिकवणाऱ्या घरात रोकड कुठून येणार? मजुराच्या पगारातला मोठा भाग खाणीवर हातात न देता तो गावी परतल्यावर द्यायची पद्धत होती, आणि करार संपला की परतणं सक्तीचं. त्यामुळे पैसा जोहान्सबर्गच्या गुत्त्यात न उडता गावात पोचला. ही कोष्टकं मला अजूनही पटतात.

आणि परदेशी प्राध्यापक म्हणजे नुसती कोष्टकं, हेही खरं नाही. मोझांबिकच्या खाणमजुरांचा अभ्यास रूथ फर्स्ट यांनी तिथल्या राजधानीतल्या, म्हणजे मापुतोच्या विद्यापीठातून केला, तो सहकाऱ्यांसह मजुरांच्या आणि त्यांच्या बायकांच्या दारात बसून. त्या दक्षिण आफ्रिकेच्याच, वर्णद्वेषी सरकारने देशाबाहेर घालवलेल्या. ऑगस्ट १९८२मध्ये टपालातून आलेल्या बॉम्बने त्यांचा त्याच विद्यापीठातल्या कचेरीत जीव घेतला. संशोधन म्हणजे वातानुकूलित खोलीतला उद्योग असं म्हणताना हे एक नाव आठवावं, एवढंच.

आता बापाचा खोकला.

इथे चूक माझी. तो खोकला मोजला गेला होता, पण दुसऱ्याच वहीत, आणि ती वही मी उघडलीच नव्हती. सोन्याच्या खाणीतली खडकाची बारीक धूळ फुप्फुसात बसते, तिथे ते ऊतक दगडासारखं घट्ट होत जातं. त्याला सिलिकोसिस म्हणतात. क्षयाला अशी छाती म्हणजे आयतं घर. दक्षिण आफ्रिकेत मृत खाणकामगारांच्या शवविच्छेदनात काळ्या कामगारांमध्ये सिलिकोसिसचं प्रमाण १९७५ साली ३ टक्के होतं, २००७ साली ३२ टक्के. माणसं खाणीत जास्त वर्षं राहू लागली, हे त्याचं एक मोठं कारण.

म्हणजे १९७५चे ३ टक्के हे दिलासा देणारे? मीही क्षणभर तसंच वाचलं. पण ही शवविच्छेदनं मुख्यतः नोकरीत असताना गेलेल्यांची. करार संपवून गावी गेलेला आणि दहा वर्षांनी खोकत खोकत गेलेला माणूस त्यात नाही. नव्वदच्या दशकात बोट्स्वानातल्या थामागा गावी जाऊन तीनशेच्या आसपास माजी खाणमजुरांच्या छातीचे फोटो काढले, तेव्हा चौघांत एकाहून अधिक जणांच्या फुप्फुसांत धुळीचा आजार सापडला. पैसा जसा गावात पोचला तसा आजारही पोचला, फक्त सावकाश. शिवाय नुकसानभरपाईचा कायदा १९९३पर्यंत कामगाराच्या कातडीचा रंग बघून रक्कम ठरवत होता. खाणकंपन्यांवर खटला उभा राहून सुमारे ५ अब्ज रँडच्या (रँड हे दक्षिण आफ्रिकेचं चलन) तडजोडीला न्यायालयाची मान्यता मिळाली ती २०१९मध्ये. तिच्यात १२ मार्च १९६५ पासून खाणीत काम केलेले येतात. ज्या बापांच्या पगाराने मुलं शाळेत गेली असं मी कौतुकाने लिहिलं, ते बरोबर याच मुदतीतले. त्यातले किती जण २०१९ बघायला होते?

तेव्हा ‘भलंच झालं’ हे वाक्य मूळ लेखातून काढलं आहे. तिथे आता असं आहे: ‘मुलांचं शिक्षण थोडं वाढलं, त्याची किंमत बापांनी फुप्फुसाने भरली, आणि ती त्या अभ्यासात मोजलेली नाही.’

राहिलं कोकण. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, त्यामुळे घरं कोणी सांभाळली हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. देवळांवरचे स्लॅबही खरे. पण ताई, एक गोष्ट विचारतो, राग मानू नका. तुमच्या वर्गात बसलेली मुलं तुम्हाला रोज दिसत होती. मनीऑर्डर आली नसती तर त्यातली कोण गुरांमागे गेली असती, हे तुम्हाला दिसायला मार्ग नव्हता. स्लॅब डोळ्यांना दिसतो, न गळालेला विद्यार्थी दिसत नाही. त्याच्यासाठी कोष्टक लागतं. त्या कोष्टकाला खोकला ऐकू येत नाही, ही तुमची तक्रार मी वर मान्य केलीच आहे.

म्हणून एक विनंती. जानेवारी १९८२मध्ये मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कोकणातल्या कित्येक घरांची मनीऑर्डर अचानक थांबली. मलावीचे मजूर परतले ते राखून ठेवलेला पगार घेऊन. आपले गिरणीवाले आले ते बहुधा रिकाम्या हाताने. तुम्ही तेव्हा नोकरीत होतात, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. ८२च्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा हजेरीपटावरची किती नावं परत आली नाहीत, आणि त्यात मुली किती होत्या? शाळेत जुने पट असतील तर फारच उत्तम. नसतील तर आठवणीने लिहा, इथेच लिहा.