इगर्जीला सिमेंट लावू नका

पणजीच्या इगर्जीचा, म्हणजे चर्चचा, शुभ्रपणा फोटोत सगळ्यांनाच आवडतो. गोव्यातल्या जुन्या इगर्जींवरचा तो पांढरा थर म्हणजे जांभ्या दगडाच्या चिऱ्याने पावसाळ्यासाठी पांघरलेलं इरलं. ते फाटलं की गावोगाव एकच सूचना येते: सिमेंटचा गिलावा करा, वर अ‍ॅक्रिलिक मारा, दहा वर्षं बघायला नको. माझा याला ठाम विरोध आहे.

चिरा पाणी पितो. जाड भिंत जमिनीतली ओलही वर ओढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल हळूहळू बाहेर पडते, सिमेंटखाली कोंडते. मग क्षार चिऱ्याच्या आतच साठतात आणि काही पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. बोटाच्या पेराने ठोकून बघा, पोकळ आवाज येईल. खरवडलंत तर चिऱ्याची लाल पूड हातात येते. आणि चिरा उघडा ठेवणं हाही उपाय नव्हे. जुन्या गोव्यात बॉम जेझू या मोठ्या इगर्जीचा गिलावा १९५० च्या दशकात काढला, तेव्हापासून तिथला चिरा पावसात झिजतोच आहे.

भट्टीचा चुना विरवून किमान महिनाभर पाण्याखाली मुरू द्यावा. एक भाग चुन्याला तीन भाग धुतलेली नदीची वाळू. खाडीची नको, तिच्यात मीठ असतं. भिंत आधी भिजवावी, थर अर्ध्या इंचाच्या आत ठेवावा, ओली गोणपाटं लावून आठवडाभर तरी ओल धरावी. उन्हात भरभर सुकला की तडे गेलेच. वरून फडक्याने गाळलेल्या पातळ चुन्याचे तीन हात. पणजीचं फेस्त, म्हणजे इगर्जीचा वार्षिक सण, ८ डिसेंबरला, म्हणजे पाऊस थांबल्यावर जेमतेम दोन महिने. तेवढ्यात चुना मारून होतो. गिलाव्याचं मोठं काम जानेवारीत काढावं, पावसाआधी त्याला चार-पाच महिने मिळतात.

पण छप्पर गळत असेल तर हे सगळं वाया. पणजीच्या इगर्जीच्या माथ्यावर १८७१ पासून असलेली मोठी घंटा मूळची जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. तो मठ १८३५ मध्ये ओस पडला. १८४२ मध्ये तिथल्या इगर्जीचं कमानी छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भिंत. ओस इमारतीत सरकलेलं कौल कोण बसवणार, तुंबलेल्या पन्हळीतली पानं कोण काढणार? पिंपळाचं रोप दोन पानांचं असताना हाताने उपटतं. मूळ सांध्यात शिरलं की चिरे उतरवूनच काढावं लागतं.

गावच्या फाब्रिकेने, म्हणजे इगर्जीचा कारभार बघणाऱ्या समितीने, एप्रिलात आधी छपरावर माणूस चढवावा. रंगाचं कोटेशन नंतर.