सुविचार छापण्याची सोपी रीत

स्मरणिका काढताय? सूत्रसंचालन गळ्यात पडलंय? मग ग्रंथालयाकडे अजिबात फिरकू नका. थोरांची वचनं म्हणजे गणपतीची वर्गणी. कुणाच्या नावावर किती, असं विचारणारा माणूसच वाईट ठरतो.

पहिली गोष्ट म्हणजे नाव. ओळ गल्लीतल्या कुणाची का असेना, खाली नाव वजनदार हवं. विनोदी असेल तर पु. ल., हळवी असेल तर व. पु. पु. ल. 2000 साली गेले, तरी परवा मला त्यांचा वायफायच्या पासवर्डवरचा विनोद आला. शंका काढू नका, दूरदृष्टी म्हणा.

अगदीच परदेशी लागलं तर व्होल्तेअर. 'तुमचं म्हणणं मला मान्य नाही, पण ते मांडायच्या तुमच्या हक्कासाठी मी जीव देईन', हे त्याचं नव्हेच. तो गेल्यावर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, 1906 मध्ये, इव्हलिन बिॲट्रिस हॉल यांनी त्याची भूमिका सांगताना ते लिहिलं. पण बाईंचं नाव फ्लेक्सवर मावत नाही.

अर्थाच्या भानगडीत पडू नये. 'लहानपण देगा देवा' म्हटलं की बालदिन, फुगे, डबा ऐसपैस. पुढे ऐरावताला अंकुशाचा मार आहे आणि शेवटी 'व्हावें लहानाहून लहान' आहे, इकडे बघायचंच नाही. तुकोबा मिरवणं सोडा म्हणताहेत, हे कार्यकारिणीला सांगणार कोण?

'उठा, जागे व्हा' एवढंच घ्या. कठोपनिषदात पुढे 'थोरांपाशी जाऊन समजून घ्या' असं आहे. त्याला वेळ लागतो.

आणि ओळ कापायला शिका. हे फार महत्त्वाचं. आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेची प्रुफं तपासायला माझ्याकडे आली होती. त्यात एका क्लासची पानभर जाहिरात. वर जोतीराव फुल्यांचा फोटो, खाली 'विद्येविना मति गेली, मतिविना नीति गेली, नीतिविना गति गेली, गतिविना वित्त गेले.' पूर्णविराम. त्याला चिकटूनच 'फी तीन हप्त्यांत भरण्याची सोय'. मी समासात उरलेलं लिहून दिलं: 'वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले.' संध्याकाळी संपादक मंडळाचा फोन. "सर, ते शूद्र वगैरे नको ना. पालक वाचतात. जरा पॉझिटिव्ह ठेवू." आणि छापून आलं ते कापलेलंच!

पॉझिटिव्ह? अहो, 'शेतकऱ्याचा असूड' आहे तो, 1883 सालचा. पुस्तकाच्या नावातच चाबूक आहे. कर्ज, सारा, कोर्टकचेरी आणि भटभिक्षुकी यांत शेतकरी कसा नागवला गेला, हे त्या माणसानं पानंपानं मांडलं आणि आरंभीच हा हिशेब लिहिला. मति, नीति, गति, वित्त या पायऱ्या आहेत. खचलं कोण ते शेवटच्या पायरीवर लिहिलंय. ती पायरीच उखडलीत तर उरतं काय? शिकला नाहीत तर पैसा जाईल, एवढी धमकी. क्लासवाल्याला तेवढीच हवी होती. त्या काळी सत्यशोधकांच्या 'दीनबंधु' साप्ताहिकानंही या पुस्तकाची पहिली काही प्रकरणं छापून हात आखडता घेतला होता, पण त्यांना निदान सरकारची भीती होती. तुम्हाला कुणाची? बी विंगच्या पालकांची? ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही त्यांच्यासाठी लिहिलेली ओळ, तिच्यातून नेमकी तीच माणसं हाकलायची आणि वर त्यांच्याच माणसाचा फोटो लावून पोरं गोळा करायची. लाज कशी वाटत नाही?

जागा नव्हती म्हणे. त्याच स्मरणिकेत अध्यक्षांचे तीन फोटो आहेत, एक झाडाला पाणी घालतानाचा. पुढच्या वर्षी त्यातला एक काढा आणि ओळ पुरी छापा. ते जमणार नसेल तर फुल्यांना हात लावू नका, आणि प्रुफंही माझ्याकडे पाठवू नका.