गुरुजींना टॅब कशाला दिलात?

परभणीत आज पुन्हा तेच झालं. आमच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी दुकानात गेले, ‘कादंबऱ्या वाचायच्यात’ म्हणाले, आणि दुकानदारानं दहा इंची टॅब हातावर ठेवला. म्हणे, यात सगळंच येतं. येतं ना! म्हणूनच दुपारी तो नातवाच्या हातात होता आणि गुरुजी लिंबाखाली बाजेवर नुसते बसलेले.

अहो, काय वाचता एवढं विचारायला काय जातं? कादंबऱ्यांना ई-रीडर बरा, म्हणजे नुसती पुस्तकं वाचायचं यंत्र. त्याच्या पडद्यात बारीक बारीक कुप्या असतात, त्यांत काळे-पांढरे कण. विजेनं ते वर-खाली होतात आणि तिथंच थांबतात, म्हणून पडद्याला वीज लागते ती पान उलटताना. दिवा मंद, वाय-फाय बंद ठेवलं तर एका चार्जिंगवर आठवडे निघतात. टॅब आठ-दहा तासांत मान टाकतो, आणि आपल्याकडं लाईटचा काय भरवसा? उन्हात टॅबच्या काचेत आपलंच तोंड दिसतं. ई-रीडरवर जेवढं ऊन, तेवढं अक्षर स्पष्ट.

पीडीएफला टॅब बरा, हे मान्य. ई-रीडरचा सहा इंची पडदा जेमतेम ९ सेंमी रुंद, ए-फोर पान २१. म्हणजे अख्खं पान त्यात बसवताना १२ पॉइंटचं अक्षर ५ चं होतं. अनुस्वार कुठला, रफार कुठला, कळत नाही. पडदा आडवा करून समास कापले तर अक्षर ९ पॉइंटपर्यंत येतं, पण एक पान दोन-तीन तुकड्यांत वाचावं लागतं. बालभारतीची रंगीत पुस्तकं, नकाशे, एमपीएससीच्या नोट्स असतील तर खुशाल टॅब घ्या.

पण गुरुजींना कादंबऱ्या वाचायच्या होत्या!

पैसे मोजण्याआधी आपल्या मराठी पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाका. नीट मराठी उमटली तर कॅलिबर या संगणकावरच्या फुकट प्रोग्रॅममध्ये त्याचं ईपब (ई-पुस्तकाची फाईल) करा, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. वेलांट्या इकडच्या तिकडे झाल्या तर हातानं दुरुस्त करत बसावं लागेल. इंग्रजी अक्षरांचा काला आला तर फॉन्ट जुना, आधी युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर चालणाऱ्या मराठीत आणा. काहीच कॉपी झालं नाही तर ते स्कॅन, त्याला मोठा पडदाच हवा.

आणि ई-रीडर पिशवीत डब्याखाली कोंबू नका. वरून काही दिसत नाही, आतला पडदा तडकतो, आणि तो बदलायचा खर्च नव्याच्या जवळपास जातो.

गुरुजी, आता घेतलाच आहे तर राहू द्या. विमान मोड लावा, वाचनाच्या ॲपमध्ये पान पिवळसर करा, उजेड खोलीच्या उजेडाइतकाच ठेवा, अक्षर दोन घरं वाढवा. नातवाला पासवर्ड सांगू नका. आणि बाजेवर उन्हात ठेवून जेवायला जाऊ नका, बॅटरी तापते.