भाच्याच्या बीएस्सीबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावर

दादा, बीएस्सीनंतरच्या वाटांवर मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'मॅडम, असले सल्ले पुण्या-मुंबईच्या पोरांना ठीक. माझा भाचा प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झाला आणि दोन वर्षं घरी बसून आहे. आमच्या लेकरांना परीक्षांच्या नादी लावू नका, सरळ डीएमएलटी करा म्हणून सांगा,' असं तुम्ही लिहिलंय. डीएमएलटी म्हणजे रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबच्या तंत्रज्ञाचा डिप्लोमा.

यातलं एक मला मान्य आहे. त्या लेखात मी जॅम, गॅट-बी, सीयूईटी ही एमएस्सीच्या प्रवेश परीक्षांची नावं एका ओळीत लिहून मोकळी झाले. जॅमच्या बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात गणित आणि भौतिकशास्त्रही असतं, हे सांगितलं नाही. आपल्याकडच्या जीवशास्त्राच्या कितीतरी पोरांनी दहावीनंतर गणिताचं पुस्तक उघडलेलं नसतं. हे आधी सांगायला हवं होतं.

पण मी नादी लावते, हे मान्य नाही. घोळ होतो तो पहिल्या वर्षी. नीटला नंबर लागला नाही म्हणून बीएस्सीला नाव घालायचं आणि लक्ष सगळं लातूरच्या क्लासकडे. एक रिपीट, मग आणखी एक रिपीट. प्रॅक्टिकल बुडतात, आणि टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, जानेवारीत पोरगं विचारतं, 'मॅडम, आता पुढं काय?' जॅमचे फॉर्म तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच भरून झालेले असतात.

धारूरकडची एक मुलगी होती. आईवडील सहा महिने कोयत्यावर, ऊसतोडीला. हुशार पोरगी, नोव्हेंबरात विचारायला आली. जॅमच्या फॉर्मची तारीख मला माहीत होती. 'आपल्याकडून कोण बसतंय' असं धरून मी वर्गात सांगितलीच नव्हती. तिचं ते वर्ष माझ्यामुळं गेलं. तेव्हापासून एफवायच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, पहिल्याच महिन्यात एकेकाला समोर बसवते. बारावीला गणित होतं का, हे नंतर. आधी विचारते, घर किती वर्षं थांबू शकतं? एकविसाव्या वर्षी पगार घरी यायलाच हवा, अशा पोराला मी एमएस्सी-पीएचडीचा रस्ता दाखवत नाही.

डीएमएलटी वाईट नाही. मीही पाठवते. संस्थेला मान्यता आहे का ते बघा, आणि तालुक्याच्या लॅबमध्ये सुरुवातीला हातात काय पडतं ते तिथल्या पोरालाच विचारून मग फी भरा.

पण तेवढंच आहे असं नाही. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या आहेत. तिथं उगवणक्षमतेच्या चाचणीला 400 बी मोजून लावतात, वाणाची शुद्धता बघायला शेतात झाडं वाढवून तपासतात. वनस्पतिशास्त्राच्या पोरांना हे काम शिकवावं लागत नाही. संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औषध कंपन्यांत सूक्ष्मजीवशास्त्रवाले लागतात. निर्जंतुकतेच्या चाचणीत औषधात जंतू वाढतात का ते बघत 14 दिवस नळ्यांवर नजर ठेवायला शिस्तीचा माणूस हवा. आणि प्राणिशास्त्र म्हणाल, तर रेशीम आहे. जालन्यात 2018 पासून कोषांची बाजारपेठ आहे. चॉकी केंद्रात अंड्यातून निघालेल्या रेशमाच्या बारीक अळ्या दुसऱ्यांदा कात टाकेपर्यंत सांभाळून शेतकऱ्याला देतात. उष्णता, ओल आणि रोग यांचं ज्ञान लागतं, आणि ते तुमच्या भाच्याच्या पुस्तकात होतं. मात्र त्या पुस्तकाचा आणि या कामाचा संबंध त्याला कुणी दाखवला का? आम्ही शिकवणारेच तिथं कमी पडतो. एमपीएससीच्या वनसेवेला प्राणिशास्त्राचा पदवीधर बसू शकतो, हेही त्याला माहीत नसेल तर जाहिरातीतली वयाची अट आजच बघायला सांगा.

दादा, त्याच्याबद्दल मला तीन गोष्टी कळवा: प्राणिशास्त्राच्या जोडीला रसायनशास्त्र होतं का, जालन्यात खोली करून राहायची तयारी आहे का, आणि घरी बसून या दोन वर्षांत तो काय करतोय. शेतात राबत असेल तर तेही लिहा. चॉकी केंद्रावर कामाला लागताना ते उपयोगी पडतं.