‘रोबोवर खार खाता का?’ एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

झटक्यानंतर चालण्याचा सराव देणाऱ्या रोबोवर मी लेख लिहिला होता. झटक्याला सहा महिने उलटलेल्या आणि चालू शकणाऱ्या रुग्णांना त्याचा उपयोग नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की तुमचा निम्मा राग रास्त आहे. उत्तर लिहायला घेतलं ते लांबत गेलं, म्हणून इथे वेगळं देते.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताईंच्या बाबांची चार वर्षांपूर्वी पक्षाघाताच्या झटक्यानं उजवी बाजू गेली. काठी धरून ते बाथरूमपर्यंत आपले आपण जातात, पण घराबाहेर पडत नाहीत. यंदा एका केंद्रात त्यांना रोबोवर १२ सेशन दिली. ताई लिहितात, “बाबा अर्ध्या तासात एक किलोमीटर चालले. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं, आणि तुम्ही म्हणता उपयोग नाही? पोटावर पाय येईल म्हणून तुम्ही फिजिओ रोबोवर खार खाता. सहा महिन्यांनंतर सुधारणा होत नाही असं एका डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं. तुम्ही तेच वेगळ्या शब्दांत सांगता.”

आधी माझी चूक. ‘रोबो म्हणजे महागडी सायकल’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. टाळ्या मिळवण्यासाठी लिहिलं आणि ते चुकीचंही होतं. जर्मनीतल्या मेहरहोल्त्स आणि सहकाऱ्यांनी कॉक्रन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेसाठी या विषयावरचे सगळे प्रयोग एकत्र तपासलेत. २०२० च्या आवृत्तीत ६२ प्रयोग आणि २४४० रुग्ण आहेत. फिजिओथेरपीच्या जोडीला यंत्र दिलं तर आधाराशिवाय चालू लागणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, असं त्यात दिसलं. सर्वांत जास्त फायदा झटका येऊन तीन महिने व्हायचे आहेत आणि अजून चालताच येत नाही अशांना. म्हणजे जो माणूस उभाच राहू शकत नाही त्याला हार्नेसमध्ये टांगून पावलं टाकायला लावणं यंत्राला जमतं, आम्हाला दोघी-तिघींना मिळूनही नीट जमत नाही. हे मी लेखात लिहायला हवं होतं. आज ते वाक्य खोडून दुरुस्ती टाकली आहे.

आता पोटावर पाय येण्याचं. ताई, यंत्र नव्हतं तेव्हा हे काम कसं चालायचं ते सांगते. रुग्णाला वरून पट्ट्यांनी तोलून धरायचं, खाली ट्रेडमिल चालू, आणि एक फिजिओ बाजूला बुटक्या स्टुलावर वाकून त्याचा लुळा पाय हातानं उचलून पुढे ठेवतेय, पुन्हा उचलतेय. दहा मिनिटांत कंबर बोलायला लागते. मी केलंय, माझी अजून बोलते. झुरिकच्या बालग्रिस्ट रुग्णालयात गेरी कोलंबो आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लोकोमॅट हा चालवणारा रोबो घडवला तो याच कष्टावर उपाय म्हणून. आता तर मॅनहोल साफ करणारा बँडिकूट रोबो बनवणाऱ्या केरळच्या जेनरोबोटिक्सनंही जी-गेटर नावाचं चालण्याचं यंत्र काढलंय. माझी कंबर वाचवणाऱ्या यंत्रावर मी कशाला खार खाऊ? उद्या कुणी फुकट दिलं तर दारात रांगोळी काढेन.

माझं भांडण त्या एका किलोमीटरशी आहे.

तो किलोमीटर कुणी चालला? यंत्राच्या पडद्यावर दिसतं ते ट्रेडमिलच्या सरकत्या पट्ट्याचं अंतर. बाबांचं थोडं वजन हार्नेसनं पेललेलं असतं, मांडी आणि पोटरी यंत्राच्या सांध्यांना बांधलेली असते आणि मोटर पाय पुढे नेते. भाजीची जड पिशवी दोघांनी एकेक बंद धरून उचलली की आपला हात नकळत सैल पडतो, तसं शरीराचं होतं. कोणी ओझं उचलतंय हे कळलं की मेंदू आपला वाटा कमी करतो. त्यात आळस नाही, शरीराचा तो स्वभावच आहे. पावलं शेकडो पडतात आणि दिसतातही कशी एकसारखी, पण स्नायूंनी आणि हृदयानं केलेलं काम कमी भरतं.

शिकागोत हॉर्नबी यांच्या गटानं २००८ मध्ये नेमकी ही तुलना प्रसिद्ध केली. झटक्याला सहा महिन्यांहून जास्त काळ लोटलेले, पण चालू शकणारे ४८ रुग्ण. निम्म्यांना लोकोमॅट, निम्म्यांना ट्रेडमिलवर फिजिओचा हात, तोही अडेल तेवढाच. दोन्हीकडे अर्ध्या तासाची १२ सेशन, योगायोगानं तुमच्या बाबांइतकीच. चालण्याचा वेग फिजिओच्या गटात जास्त वाढला, आणि अधू पायावर उभं राहण्याचा वेळही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या न्यूरो-फिजिओंनी मार्गदर्शक सूचना काढल्या. सहा महिने उलटलेल्या आणि चालू शकणाऱ्या रुग्णांचा वेग किंवा अंतर वाढवायला रोबो वापरू नये, असं त्यात स्पष्ट आहे. त्यांचेही पहिले लेखक हॉर्नबीच, त्यामुळे घरचाच निकाल म्हणून कुणी नाक मुरडेल. पण कॉक्रनमध्येही यंत्रानं वेग म्हणण्यासारखा वाढलेला दिसला नाही, आणि तो हिशेब वेगळ्या लोकांचा आहे.

तुमचे बाबा या वर्णनात अगदी चपखल बसतात. म्हणून मी तसं लिहिलं. ते हसले हे मात्र खरंच, त्यावर माझं काही म्हणणं नाही. चार वर्षांनी माणूस ताठ उभा राहून समोर बघत पावलं टाकतो, तेव्हा हसू येणारच. शिवाय १२ वेळा घराबाहेर पडले, कपडे करून गेले, चार माणसांशी बोलले. त्यातलं किती यंत्राचं आणि किती बाहेर पडण्याचं, हे तुम्हीच सांगू शकाल.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट. सहा महिन्यांनंतर काही होत नाही, असं मी म्हणत नाही. कधीच म्हटलेलं नाही. शिकागोतच ‘आता आणखी सुधारणा नाही’ म्हणून फिजिओथेरपी बंद केलेले २० रुग्ण घेतले होते, २०१० चा अभ्यास आहे. त्यांना ट्रेडमिलवर दमवून चालवलं, तेव्हा रोजच्या आयुष्यात ते टाकत असलेल्या पावलांची संख्या वाढली. रुग्ण थांबलेले नव्हते, आम्ही थांबलो होतो. उत्तर अमेरिकेतल्या केंद्रांत फिजिओंची सेशन शेजारी बसून मोजली, तर चालण्याचा सराव असलेल्या एका सेशनमध्ये सरासरी ३५७ पावलं भरली. बाकी वेळ पाय ताणणं, खुर्चीत बसून व्यायाम, गप्पा. (आमच्याकडे मोजायला कुणी बसलं नाही हे बरंच झालं.) तेव्हा रोबो हरला म्हणजे आम्ही जिंकलो, असं नाही.

२०२० च्या त्याच मार्गदर्शक सूचनांत जे करा म्हटलंय ते साधं आहे: भरपूर चालवा आणि दम लागेल इतपत चालवा. नाडी जवळपास कमाल ठोक्यांच्या ८५ टक्क्यांपर्यंत जाऊ द्या. बाबांचं बीपी आणि हृदय डॉक्टरांनी तपासून ‘हो’ म्हटल्याशिवाय हे सुरू करू नका, आणि सुरुवात फिजिओसमोरच करा. पडण्याची भीती खरी आहे. अमेरिकेतच ४०८ रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात वर्षभरात निम्म्याहून जास्त जण एकदा तरी पडले. त्याच अभ्यासात ट्रेडमिलच्या थाटाच्या तोडीस तोड फायदा, घरी येणाऱ्या फिजिओनं करून घेतलेल्या व्यायामानं झाला. तुमच्या गावात ट्रेडमिल नाही म्हणून अडलेलं नाही, हे त्यासाठी सांगते. एक जिना, एक लांब व्हरांडा आणि कमरेला धरायचा रुंद पट्टा एवढ्यावर खूप काही होतं.

केंद्राचं पॅकेज अजून शिल्लक आहे असं तुम्ही लिहिलंय. पैसे परत मिळत नसतील तर सोडू नका, पण तिथे दोन गोष्टी मागा. एक, यंत्राची मदत दर वेळी थोडी कमी करा, बाबांना घाम यायला हवा. दोन, सेशनच्या शेवटची दहा मिनिटं यंत्राबाहेर, जमिनीवर.

आणि किलोमीटर विसरून घरी एक मोजमाप करा. व्हरांड्यात दहा मीटरवर दोन खुणा करा. बाबांना पहिल्या खुणेच्या थोडं आधीपासून त्यांच्या नेहमीच्या चालीनं, काठी घेऊन चालू द्या आणि दोन खुणांमधला वेळ मोबाइलवर धरा. २५ सेकंदांहून जास्त लागले तर त्यांची चाल घरापुरतीच आहे. १३ च्या आत आले तर ते बिनघोर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येतील. मधला आकडा आला तर कामाला भरपूर वाव आहे. पॅकेज संपल्यावर पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे इथेच खाली लिहा. दुसरा आकडा चांगला कमी झाला असेल, तर तोही मी लेखात टाकेन.

मोजताना बाबांच्या पायात घरातली सपाता नको. टाचेमागे पट्टा असलेली सँडल घाला, नाहीतर उजवा पंजा अडकेल.