पारामिनचे निळे सैतान आणि आपला गोंधळ

नवरात्र आलं की पुण्याहून येणाऱ्या फोनवर हा वाद हमखास निघतो. कुणीतरी तरुण मुलं गोंधळाला ड्रमसेट आणि इलेक्ट्रिक गिटारची जोड देतात. मग एक काका म्हणतात, लोककलेची पार वाट लावली. भाचा म्हणतो, काळाप्रमाणे बदलायला नको का? मी त्रिनिदादमध्ये, पॉइंट लिसासच्या अमोनिया प्लांटमध्ये नोकरी करते. इथल्या एका ट्रम्पेटवादकाचं काम ऐकल्यापासून मला दोघांचंही पटेनासं झालंय. मिसळलं किती, यावर दोघं हिरिरीनं भांडतात. मिसळणाऱ्यानं मूळचं शिकून घेतलंय का, हे मात्र दोघांपैकी एकानंही विचारलेलं नाही.

एटिएन चार्ल्स हे त्या ट्रम्पेटवादकाचं नाव, जन्म १९८३चा. जॅझचं शिक्षण अमेरिकेत झालं, फ्लोरिडात पियानोवादक मार्कस रॉबर्ट्स यांच्याकडे आणि मग न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संगीतशाळेत. पण त्याआधी तो इथल्या स्टीलपॅनच्या, म्हणजे तेलाच्या पिंपापासून बनवलेल्या वाद्याच्या, वाद्यवृंदात वाजवत होता. २००९च्या ‘फोकलोर’ या अल्बमसाठी त्यानं विषय निवडले ते आजीच्या गोष्टींतले. उलट्या पावलांचे दुएन, म्हणजे बाप्तिस्म्याआधीच गेलेली मुलं; रात्री कातडी उतरवून आगीचा गोळा होऊन उडणारी सुकुयाँ; एका पायाला गाईचा खूर असलेली देखणी ला दियाब्लेस. कोकणात वाढलेल्या माणसाला उलटी पावलं काही नवीन नाहीत. आपल्याकडे मात्र ही मंडळी एकतर अंधश्रद्धेच्या खात्यात जातात, नाहीतर टीव्ही मालिकेत. त्यांच्यावर कुणी तासाभराची गंभीर संगीतरचना केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

२०१५ मध्ये त्याला गुगनहाइम फेलोशिप मिळाली आणि त्यानं कार्निव्हलच्या, म्हणजे इथल्या रस्त्यावरच्या वार्षिक उत्सवाच्या, परंपरांचा माग घेतला. यातली पारामिनची परंपरा मी स्वतः पाहिली आहे. पारामिन हे पोर्ट ऑफ स्पेनजवळच्या डोंगरातलं गाव. कार्निव्हलच्या सोमवारी तिथली पोरं अंगभर निळा रंग फासून, तोंडातून जाळ काढत उताराच्या रस्त्यावर येतात आणि ‘सैतानाला पैसे द्या’ म्हणून अडवतात. पूर्वी त्यासाठी कपड्यांना घालायची नीळ वापरत. मागे बिस्किटांचे पत्र्याचे डबे कडाकडा वाजत असतात. तो ठोका बाहेरच्या माणसाला नुसता गोंगाट वाटतो. पाच मिनिटं उभं राहिलं की त्यातली घट्ट वीण कळते. चार्ल्सनं अशा जागी जाऊन ध्वनिमुद्रण केलं आणि २०१९च्या कार्निव्हलवरच्या अल्बममध्ये ते वापरलं. ट्रम्पेट त्या ठोक्याच्या तालात चालतो, त्याच्यावर स्वार होत नाही.

पत्र्याचे डबे का, त्यालाही इतिहास आहे. १८८१ मध्ये कार्निव्हलच्या मिरवणुकीवरून पोलिस आणि लोकांत मोठी चकमक झाली, त्यानंतर इंग्रजांनी ढोलांवर बंदी आणली. लोकांनी बांबू आपटून ताल धरला. १९३०च्या दशकात हाती आले डबे आणि पत्रे, आणि त्यांतूनच पुढे तेलाच्या पिंपाचा स्टीलपॅन घडला. म्हणजे इथलं ‘अस्सल’ वाद्यच मुळात बदलातून आलेलं.

आणि ताशा! १८४५पासून हिंदुस्थानातून आलेल्या मजुरांनी, बहुतेक भोजपुरी मुलखातल्या, तो इथे आणला. इथल्या लग्नात वाजवायच्या आधी पोरं शेकोटी पेटवून ताशाचं कातडं शेकतात, बोटानं टिचकी मारून आवाज बघतात, पुन्हा शेकतात. ते तालांना ‘हॅण्ड’ म्हणतात. जुन्या ‘हॅण्ड’शेजारी कॅलिप्सो या इथल्या गाण्याच्या चालीचा ‘डिंगोले’ही वाजतो. नवं वाजवणारा पोरगा जुनंही वाजवून दाखवतो, म्हणून कुणाची तक्रार नसते.

काकांना माझं म्हणणं हे, की तुम्ही पूर्ण रात्रीचा गोंधळ शेवटचा कधी ऐकलात? आणि भाच्याला हे, की संबळाची एक काठी वाकडी का असते, ती कुठे पडते, हे तुझ्या आवडत्या बँडला माहीत आहे का? गोंधळ्याला स्टुडिओत बोलवायचं, एक तुकडा उचलायचा आणि नाव मात्र आपलंच लावायचं, याची मला मनापासून चीड येते.

चार्ल्सला जे शक्य झालं त्यामागे फेलोशिपचा पैसा आणि मोकळा वेळ होता, हे विसरून चालणार नाही. पुढे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटर या कलासंकुलानं त्याच्याकडून रचना करून घेतली, ती सान ह्वान हिलवर. लिंकन सेंटर उभं करताना जी वस्ती पाडली, ती हीच. ज्या संस्थेसाठी पाडापाड झाली, तिनंच ही कहाणी आपल्या मंचावर आणली, याचं मला विशेष वाटतं.

मुंबई-गोव्यात सॅक्सोफोन, ट्रम्पेट उत्तम वाजवणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद गोव्याच्या वादकांनीच तर उभे केले. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. अशा एखाद्या वादकाला वर्षभर पगार देऊन जेजुरी-तुळजापूरच्या गोंधळ्यांच्या हाताखाली ठेवायचं, आणि त्या गोंधळ्यांनाही गुरू म्हणून मानधन द्यायचं, तर पैसा कुठून उभा करायचा? पुढच्या फोनवर मला काका आणि भाच्याशी याच्यावर बोलायचंय. पहिली वर्गणी माझी.